पाणी सुटायची वेळ

दुकानाच्या काउंटरवर नकाशा पसरलाय,
चार कोपऱ्यांवर चार वजनं:
अर्धा किलो, पाव किलो, बिजागऱ्यांची पुडी
आणि ताजुद्दीनचा चहाचा ग्लास.
नकाशात नदी केसाएवढी, निळी.
मी बोट ठेवतो, ती झाकून जाते.

रविवारी उतरायचं, वरच्या पुलाखालून.
तोवर सगळं ठरवून टाकायचं,
पाण्यात ठरवायला काही उरू नये,
असं आपलं माझं म्हणणं.
ताजुद्दीन हसतो. त्याचे पणजे गलबतांवर होते,
हा खाडीकाठी होड्यांना फायबर लावतो,
कपाचा कान धरला तरी बोटांना रेझिनचा वास.
"उतरलास की मग," तो म्हणतो, "पाणी ठरवतं."

फाल्गुनात वाशिष्ठी आमची एकट्यांची नसते.
वर घाटात यंत्रं फिरली तर इकडे पाणी.
कुठल्यातरी शहरात सकाळचे गिझर लागतात
आणि आमच्या गोट्यांवरून फेस धावतो.
म्हणून भुवडांच्या जावयाला फोन,
तो तिथे पाळीवर असतो.
"आठला सोडतील," म्हणाला. "बहुतेक."
वहीत लिहिलं: आठ. बहुतेक.
दुसऱ्या शब्दाखाली दोन रेघा.

दगडांची नावं नकाशात नाहीत.
ती सोनू भुवडांना विचारायची,
पन्नास वर्षं ह्या काठाला म्हशी धुतल्या त्यांनी.
डोळे मिटून सांगतात, पाढा म्हटल्यासारखे:
पहिली रेड्याची पाठ, डावीकडून काढा.
मग दोन जावा, एकमेकींकडे पाठ करून बसलेल्या,
मधून वाट आहे, पण मधे पडू नका.
मग आवाज वाढेल.
तिथे कातळ खालून खाल्लेला,
पाणी आत जातं, बाहेर येताना दिसत नाही.
"त्याचं नाव काय?"
"त्याला कोणी नाव ठेवलं नाय."
मी वहीत रिकामी चौकट काढतो.
शेजारी: उतरून चालत जाणे. कयाक खांद्यावर.

हेल्मेटं तीन.
जॅकेटं तीन, एकाची चेन अडकते, तिला मेण.
दोर वीस मीटर, पिवळा, दुकानातलाच,
उधारीच्या वहीत माझ्याच नावावर.
शौकतचा टेम्पो खाली धक्क्यावर, दहापासून.
घावन, चटणी, डब्याला दोन रबरं.

काउंटरमागच्या भिंतीवर एक रेघ आहे,
माझ्या डोक्याच्या हातभर वर.
दुकान दोनदा रंगवलं, ती तेवढी सोडून.
गिऱ्हाईक विचारत नाही. त्याच्याही घरी असते.
त्या जुलैत आम्ही दोघं पत्र्यावर,
एक रात्र आणि वर अर्धा दिवस.
रंगाचे डबे तरंगत गेले,
खिळे जागच्या जागी राहिले, गंजायला.
होडी, होडी असं ओरडताना मला कळलं
की होडी आली तरी मला वल्हं धरता येत नाही.
बेचाळिसाव्या वर्षी ताजुद्दीनकडे गेलो, शिकव म्हटलं.
कशाला, हे त्याने विचारलं नाही.
पहिले दोन महिने मी नुसता उलटत होतो,
आणि नाकात गेलेलं पाणी
त्याच चवीचं होतं.

वृंदा पुलावरून चालत जात नाही तेव्हापासून.
रिक्षा करते, आणि रिक्षात डोळे चपलांकडे.
मी विचारलं नाही, तीही बोलली नाही,
आमच्यात नदीचा विषय
वरच्या फळीवर ठेवलेल्या उंदराच्या औषधासारखा.

आता ती गल्ला मोजायला येते.
नकाशा बाजूला करत नाही, नोटा त्याच्यावरच मांडते.
वही उलटी असून वाचते.
"तू आणि ताजुभाई. तिसरं हेल्मेट कुणाचं?"
"जास्तीचं," मी म्हणतो. "असावं."
ताजुद्दीन ग्लास उचलतो,
नदीचा तो कोपरा हळूच गुंडाळला जातो.

वृंदा हेल्मेट फिरवून बघते,
कारागिराने आणलेला माल बघावा तसं.
मग डोक्यावर ठेवते,
तिथेच, रेघेखाली,
आणि हनुवटीपाशी बोट घालून म्हणते,
"पट्टा सैल आहे."

मी वहीत लिहितो: पट्टा.